टाक्यातलं पाणी कुणी प्यायलं?

१

"टाकं कोरडं पडलं हो! टाक्यात पाणी नाही!"

पहारेकऱ्याची ही आरोळी गल्लीत घुमली तेव्हा नकाशेवालीचे बाबा चहा ओतत होते. बाबांनी चहा ओतायचा म्हणजे कपाबरोबर बशीलाही आंघोळ. भरायचा तर काठोकाठ, नाहीतर भरूच नये, हा त्यांचा जन्माचा हट्ट. आरोळी ऐकून त्यांचा हात असा हलला की चहा टेबलावर, टेबलावरून आत्याच्या मांडीवर आणि किटली थेट जमिनीवर गेली.

"दादा, चटका मला बसला आणि पांढराफटक तू पडलास," आत्या कपडे झटकत म्हणाली.

नकाशेवालीने हे ऐकलंच नाही. ती अनवाणीच धावत सुटली होती.

नकाशेवाली ही तिला वस्तीने दिलेली पदवी. ती महापालिकेच्या नगररचना कार्यालयात होती, आणि काखेत नकाशांची गुंडाळी घेऊन घरोघर इतकी हिंडली होती की तिच्या खऱ्या नावाने तिला आता कुणी हाक मारत नसे. ही तिची जन्माची वस्ती. लाकडी जिने, खांद्याला खांदा लावून उभी घरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. मुख्य अभियंत्यांचं, म्हणजे साहेबांचं म्हणणं असं, की हे सगळं पाडा आणि रुंद रस्ता काढून दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या करा. तिचं म्हणणं, पाडायचं काही नाही. घरांची डागडुजी करा, गल्ल्या चालणाऱ्यांना द्या, सावलीला झाडं लावा, आणि छपरांवरचं पावसाचं पाणी पन्हळींतून पुन्हा चौकाखालच्या जुन्या टाक्यात सोडा. शहरं जुनी झाली म्हणून टाकून द्यायची नसतात, हे ती भेटेल त्याला सांगायची, आणि न भेटेल त्याला गाठून सांगायची.

योजनेचा सगळा जीव त्या टाक्यात होता. नमुना म्हणून चौकाभोवतीच्या पन्हळी त्याला आधीच जोडल्या होत्या, आणि मागच्या पावसात ते भरलंही होतं. आज दुपारी महापौरबाई आणि नगरसेवक ते बघायला येणार होते, आणि तिथल्या तिथे हात वर करून निर्णय होणार होता. टाकं पाणी धरतं हे दिसलं तर वस्ती राहणार. नाहीतर बुलडोझर येणार, आणि त्यात बाबांची लाँड्री आणि तिच्यावरचं त्यांचं घरही जाणार.

काल संध्याकाळी तिने, पाणी उतरलं तर कळावं म्हणून भिंतीवर स्वतः रंगवलेली लाल खूण पाहिली होती. पाणी बरोबर खुणेला टेकलेलं होतं. मग तिने दार लावलं, कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली पहारेकऱ्याच्या हातात दिली.

आता ती दगडी पायऱ्यांवर उभी राहून खाली पाहत होती. तळाशी घोटा बुडेल इतकंच पाणी उरलं होतं. कुलूप शाबूत होतं, दार शाबूत होतं, भिंती शाबूत होत्या. घराएवढा हौद कुणीतरी पिऊन टाकला होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

२

आत्या मागोमाग आलीच. ही आत्या विमा कंपनीत होती. जळालेली गोदामं खरंच जळाली की जाळली, बुडालेली जहाजं खरंच बुडाली की विकली, हे शोधण्यात तिचं आयुष्य गेलं. घरात तिला शंकासूर म्हणत. भाचीचा मोठा दिवस बघायला ती कालच येऊन राहिली होती, आणि आता तिचे डोळे असे चमकत होते की भाचीला तिचा रागच आला.

"आत्या, तुला मजा वाटतेय!"

"वाटतेय. रडायला दुपार पडलीय. आधी शोधू, मग दोघी मिळून रडू," आत्या म्हणाली. "पहारेकरी कुठाय?"

पहारेकरी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या मिशा एरवी वर वळलेल्या असत, आज त्याही खाली आल्या होत्या.

"बाई, डोळ्याला डोळा लावला नाही. दाराशी मुंगी आली नाही."

"मुंगी राहू दे. आवाज आला का कसला?"

त्याने मिशा चाचपल्या. मग नकाशेवालीकडे चोरून बघत म्हणाला, "सांगितलं तर म्हणाल, हा पिऊन होता."

"सांगितलं नाही तर म्हणेनच."

"उजाडायच्या आधी आतून घळघळ घळघळ चाललं होतं. मग शेवटी, पेल्याच्या तळाचं सरबत नळीने ओढल्यासारखं... सुर्रर्र! पण पिणारा डोंगराएवढा असावा. माझी छातीच नाही झाली दार उघडायची."

तेवढ्यात टाक्यातून ठकठक ऐकू आली. ज्याने टाकं साफ करून चुन्याने लिंपलं होतं, तो गवंडीदादा गुडघ्यावर बसून भिंत वाजवून बघत होता.

"केसाएवढी चीर दाखवा, थापी फेकून देतो!" तो वर न बघताच गरजला. "गळलं असेल असं म्हणायचंय ना तुम्हाला? म्हणा!"

"मी कुठे काय म्हटलं?" आत्या पायऱ्या उतरत म्हणाली. "हे कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात कंबरेच्या वर येणारा एक दगडी घुमट होता, मोठा घडा पालथा घातल्यासारखा. वस्ती त्याला पालथा घडाच म्हणे. नकाशेवालीने आपल्या नकाशात त्यापुढे 'शोभेचा दगड' असं लिहिलं होतं.

"नुसता दगड आहे," गवंडीदादा म्हणाला. "बुडाला भोकं आहेत, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ ठासून बसला होता. तोही खरवडून काढला. मला अर्धवट काम जमत नाही."

"या वस्तीत कुणालाच जमत नाही वाटतं," आत्या पुटपुटली. मग ती भिंतीकडे वळली आणि लाल खूण निरखू लागली. "पोरी, काल पाणी कुठवर होतं?"

"खुणेपर्यंत. मी स्वतः पाहिलं."

"काल पाऊस?"

"थेंब नाही."

"मग ओल बघ."

नकाशेवालीने पाहिलं. लाल खुणेच्या वरही भिंत ओली होती. चांगली वीतभर, चारही बाजूंना सारखी.

"म्हणजे झालं असं," आत्या हळूच म्हणाली, "चोर पाणी न्यायला आला, आणि नेण्याआधी त्यात आपल्या पदरचं घालून गेला. असा चोर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

३

"काय म्हणतंय तुमचं टाकं?"

वरून हा आवाज आला तो साहेबांचा. वाईट बातमीला पाय असतात, आणि साहेबांना ती नेहमी सगळ्यात आधी भेटते. ते पायरीवर उभे होते, चेहरा समाधानी, आणि पँट मात्र पोटऱ्यांपर्यंत भिजलेली. त्यांच्या काळ्या बुटांतून पाणी झिरपत होतं.

आत्याने बुटांकडे पाहिलं. नकाशेवालीनेही पाहिलं, आणि तिच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. टाक्याला दोनच किल्ल्या होत्या. एक पहारेकऱ्याकडे आणि दुसरी साहेबांकडे.

"साहेब, तुमचे बूट ओले कसे?"

"अहो, ते पार्किंग!" साहेब उसळले. "बाजारामागच्या खळग्यातलं. गाडी रात्री तिथेच असते माझी. सकाळी बघतो तर चाकं पाण्यात! पाणीखात्याची माणसं बोलावली, तर ती म्हणतात, आमचा एकही पाइप इथून जात नाही. मग काय आभाळातून आलं?"

"की इथून नेलं?" नकाशेवालीचा आवाज चढला. "तुम्हीच टाकं उपसलंत! तुमच्याकडे किल्ली आहे!"

चौकात जमलेली माणसं पायऱ्यांशी सरकली. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे.

"मी? रोज सकाळी किल्लीने उघडून बघत होतो एवढंच. कधी गळतंय याची वाट बघत होतो म्हणा हवं तर! बोटभर उतरेल तर शपथ. पण आज गेलं ना? मला काही करायची गरजच नाही पडली." त्यांनी फोन कानाला लावला. "महापौरबाई? टाकं कोरडं पडलंय. यायची तसदी घेऊ नका."

पलीकडून काहीतरी बोललं गेलं. साहेबांनी फोन खाली घेतला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू परतलं होतं.

"त्या म्हणतात, कोरडं असेल तर तेही डोळ्यांनी बघते. दुपारपर्यंत कशाला थांबायचं? निघाल्याच आहेत त्या, सगळ्यांना घेऊन."

४

गाड्यांचा आवाज येतो का, हे नकाशेवाली कान देऊन ऐकू लागली. आणि आत्या? आत्या हसत होती! चांगली खदखदून हसत होती.

"तो नाही गं तो," साहेब गेल्यावर ती म्हणाली. "चोर चोरीचा माल पायात घालून, त्याबद्दल तक्रार करत गावभर फिरत नाही. पण त्याने आपल्याला दोन फार मोलाच्या गोष्टी फुकट दिल्या. एक, टाकं गळत नाही. विरोधकाने रोज तपासलंय, याहून चांगला साक्षीदार कुठून आणणार? आणि दुसरी... तो पार्किंगचा खळगा मुळात कशाचा?"

"जुन्या तळ्याचा. पणजोबांच्या काळी भरलेलं असायचं म्हणतात. मग आटलं, का ते कुणालाच ठाऊक नाही. पालिकेने गाड्या लावायला दिलं."

"इथून उंचावर की खाली?"

"बरंच खाली."

आत्याने पर्समधून तोंड बघायचा आरसा काढला, पहारेकऱ्याची बॅटरी घेतली आणि या वयात सरळ त्या घोटाभर पाण्यात बसकण मारली. पालथ्या घड्याच्या बुडातल्या भोकात आरसा सरकवून तिने उजेड टाकला.

"ये. बघ तुझा शोभेचा दगड."

नकाशेवालीने वाकून पाहिलं. घडा आतून पोकळ होता. त्याच्या पोटात एक दगडी नळ उभा होता, वरून उघडा, खाली जमिनीत गेलेला.

"लाँड्रीतला टब कसा रिकामा करतो तुझा बाप?" आत्याने विचारलं.

"रबरी नळीने. नळी पाण्याने भरायची, एक टोक टबात, दुसरं खाली मोरीत. एकदा धार काठावरून उतरली की सगळा टब ओढून..."

ती थांबली. तिने पुन्हा घड्याकडे पाहिलं.

"...सगळा टब ओढून काढते," आत्याने पुरं केलं. "तळाची हवा लागेपर्यंत. शेवटी सुर्रर्र! पाणी भोकांतून घड्यात शिरतं आणि बाहेरच्याबरोबर आतही चढतं. नळाच्या तोंडाखाली आहे तोवर काही होत नाही. पण ते तोंड बुडवून जोरात ओसंडलं, की घडा टाकं पिऊनच थांबतो. तुझी खूण त्या तोंडाच्या वीतभर खाली होती. बांधणारे काय वेडे होते? मोठ्या पावसात टाकं भरून गल्ल्यांत वाहण्याआधी आपोआप रिकामं व्हावं, आणि पाणी तळ्यात जावं! भोकं गाळाने बुजली, तेव्हाच तळं आटलं, आणि तेव्हापासूनच तुमच्या गल्ल्या तुंबायला लागल्या."

नकाशेवालीला नाचावंसं वाटलं. साहेबांचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच होता, की ही वस्ती दर पावसाळ्यात तुंबते, इथल्या पाण्याला वाटच नाही. त्या मुद्द्याला तिच्याकडे आजवर उत्तर नव्हतं. वाट होती! तिच्या पायाखाली होती, आणि गवंडीदादाने अर्धवट काम जमत नाही म्हणून ती उघडली होती!

"पण मग वरचं वीतभर पाणी कुणी घातलं?" तिने विचारलं. "दार तर बंद होतं."

"दाराला कुलूप. पन्हळींना कुठाय? प्रत्येक छपराची पन्हळ इथेच उतरते, असं तूच मला काल जेवताना तीनदा सांगितलंस."

दोघी वर आल्या. चौकाभोवतीची सगळी छपरं उन्हात कोरडी ठणठणीत होती. एकाच पन्हळीत चिमण्या पंख फडफडवत आंघोळ करत होत्या. त्या पन्हळीखालच्या दुकानाच्या दारावर खडूने लिहिलं होतं, 'आज धुणं बंद. फक्त इस्त्री.'

ती लाँड्री बाबांची होती.

बाबा आत इस्त्रीच्या टेबलामागे उभे होते. इस्त्री थंड होती, आणि ते तरीही एकाच शर्टावरून ती फिरवत होते.

"दादा," आत्या दारातून म्हणाली, "धुण्याचं सगळं पाणी काय केलंस?"

बाबांनी इस्त्री खाली ठेवली.

"मी काल रात्री टाक्यावरच्या जाळीतून डोकावलो," ते लेकीकडे न बघता म्हणाले. "काठोकाठ भरायला वीतभर कमी होतं. म्हटलं, एवढी मोठी माणसं येणार, आणि पोरीचं टाकं अर्धवट भरलेलं दिसणार? काय म्हणतील? मग पंप लावला आणि होतं नव्हतं तेवढं पाणी छपरावरून सोडून दिलं. सकाळी ऐकलं कोरडं पडलं. वाटलं, माझ्या पाण्याच्या भाराने फुटलं. तुझ्या सगळ्या कष्टांवर मी... पोरी, तुला तोंड कसं दाखवू?"

नकाशेवाली उंबरठा ओलांडून आत आली. "पण तुम्ही तर म्हणत होता, पाडू दे! नव्या फ्लॅटला लिफ्ट असते, गुडघ्यांना बरं. मला वाटायचं, तुमचा माझ्या कामावर विश्वासच नाही. मला फार लागायचं ते बाबा."

"लिफ्ट गेली खड्ड्यात," बाबा म्हणाले. "तू हरली असतीस तर बापाचं घर आपल्यामुळे गेलं म्हणून झुरत बसली असतीस. म्हणून म्हणायचो. मला कुठलं घर सोडवतंय?"

ती टेबलाला वळसा घालून गेली आणि लहानपणी मारायची तशी मिठी तिने बाबांना मारली. आत्या छताकडे बघू लागली. मग तिनेच घसा खाकरला.

"रडायचं दुपारी ठरलं होतं. चौकात गाड्या आल्यात. दादा, तुझ्याकडे नीळ किती आहे?"

५

महापौरबाई गाडीतून उतरल्या त्या कपाळाला आठी घालूनच. मागे नगरसेवक, आणि त्यांच्यापुढे वाट दाखवत साहेब.

"टाकं इकडे आहे," साहेब म्हणाले.

"टाकं कोरडंच आहे, ते पळून जात नाही," आत्या आडवी उभी राहिली. "आधी पार्किंगमध्ये चला. साहेबांची गाडी बुडतेय."

महापौरबाईंनी आत्याकडे पाहिलं. दोन ठाम बायकांनी एकमेकींना ओळखायला वेळ लागत नाही. "चला," त्या म्हणाल्या.

इकडे नकाशेवाली टाक्याच्या तोंडाशी ओरडून ओरडून घसा बसवत होती. गवंडीदादाने चौघांना घेऊन पहारी लावल्या, आणि पालथा घडा कलता होऊन आतल्या नळाचं तोंड उघडं पडलं. वस्तीला काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं, पण पाणी हवंय एवढं कळायला पुरे होतं. बादल्या आल्या, हंडे आले, पिंपं आली, एका आजोबांनी तर फुलदाणी आणली. हातोहात साखळी लागली. प्रत्येक पिंपात बाबा मुठीने नीळ टाकत होते आणि हातानेच ढवळत होते. कोपरापर्यंत निळे, आणि चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद.

"सोडा!" नकाशेवाली ओरडली.

निळंशार पाणी नळात कोसळलं आणि गडगडत खाली गेलं. ती पायऱ्या चढून, गल्ल्यांतून, बाजारातून वाट काढत धावली. पार्किंगला पोहोचली तेव्हा साहेब आपल्या पांढऱ्या गाडीपाशी उभे राहून सांगत होते, "हा फुटलेला पाइप आहे. टाक्याशी याचा काडीचा संबंध नाही. असता तर मी..."

खळग्याच्या कडेला, कचऱ्याच्या डब्यांमागे, एक जुनी दगडी चौकट होती. तिच्यातून आधी हवा फुसफुसली. मग गढूळ धार आली. गढूळच येत राहिली. साहेबांनी हात पसरले, "बघा, मी म्हणत होतो..."

आणि धार निळी झाली.

निळी, गडद निळी, लाँड्रीतल्या शुभ्र चादरींना देतात तीच निळी! ती साहेबांच्या गाडीभोवती पसरली, त्यांच्या बुटांवरून गेली, आणि कुणीतरी नगरसेवक शिट्टीच वाजवून बसला.

"टाकं गळत नाही, हे साहेबांनी स्वतः रोज किल्लीने उघडून तपासलंय," आत्या शांतपणे म्हणाली. "विचारा त्यांना. भरलं की ते आपोआप रिकामं होतं, तुमच्या या तळ्यात. पाण्याला वाट नाही म्हणून सबंध वस्ती पाडायची होती, ती वाट आज तुमच्या साहेबांच्या मोज्यांपर्यंत आलीय."

महापौरबाई साहेबांकडे वळल्या. "रोज तपासलंत?"

साहेबांनी निळ्या पाण्यात उभ्या बुटांकडे पाहिलं. माणूस हट्टी होता, पण अभियंता होता, आणि इतकं सुंदर बांधकाम डोळ्यांसमोर चालू असताना त्याला खोटं बोलवलं नाही. "रोज," ते म्हणाले. "बोटभरही उतरलं नव्हतं." मग जरा थांबून, "हे कुणी बांधलं असेल हो?"

"गाड्या दुसरीकडे लावायला लागतील," महापौरबाई म्हणाल्या. "तळं भरणार असेल तर. हात वर करा."

नकाशेवालीने हात मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. ती त्या निळ्या पाण्यातून फताफता धावत वस्तीकडे निघाली होती, कारण ही बातमी बाबांना दुसऱ्या कुणी सांगितलेली तिला चालणार नव्हती.

संध्याकाळी तिघं पुन्हा त्याच टेबलाशी बसली. बाबांचे हात अजून निळे होते. त्यांनी किटली उचलली, लेकीच्या कपात चहा ओतायला सुरुवात केली, आणि कप भरायला बोटभर राहिलं असताना जन्मात पहिल्यांदा थांबले.

"खुणेपर्यंतच," ते ओशाळून म्हणाले.

नकाशेवालीने त्यांच्या हातातून किटली घेतली, आणि बशीत सांडेपर्यंत आपला कप भरला.